मालरच्या नवव्या सिंफनीत वाजलेला अलार्म: एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

न्यूयॉर्क फिलहार्मोनिक हा १८४२ साली सुरू झालेला ऑर्केस्ट्रा. आपल्याकडच्या वाचकांना तो ओळखीचा असतो तो मुंबईच्या झुबिन मेहतांमुळे. १९७८ ते १९९१ ते त्याचे संगीत संचालक होते. त्यांच्या कितीतरी आधी, १९०९ ते १९११ या काळात, खुद्द संगीतकार गुस्ताव मालर याच ऑर्केस्ट्राचे प्रमुख कंडक्टर होते. २०१२ साली ही जबाबदारी ॲलन गिल्बर्ट यांच्याकडे होती. ते न्यूयॉर्कमध्येच जन्मले आणि त्यांचे आई-वडील दोघंही याच ऑर्केस्ट्रात व्हायोलिन वाजवत. घरचा माणूसच म्हणायचा.

त्या जानेवारीत कार्यक्रमात मालरची नववी सिंफनी होती. मालर १८ मे १९११ला गेले आणि ही सिंफनी पहिल्यांदा वाजली ती त्यानंतर वर्षभराने, २६ जून १९१२ला व्हिएन्नात, कंडक्टर ब्रूनो वॉल्टर यांच्या हाताखाली. तासाभराहून बरीच मोठी, साधारण ऐंशी-नव्वद मिनिटांची रचना. चार भागांपैकी पहिला आणि शेवटचा संथ. शेवटचा भाग पूर्ण ताकदीच्या तंतुवाद्यांनी सुरू होतो, मध्ये उसळतो आणि मग एकेक वाद्य गप्प होत जातं. शेवटच्या पानावर फक्त तंतुवाद्यं उरतात. पान एकच, पण ते वाजवायला काही मिनिटं लागतात, कारण स्वरांपेक्षा स्वरांमधल्या मोकळ्या जागाच जास्त आहेत. शेवटची हालचाल व्हायोलांकडे, म्हणजे व्हायोलिनपेक्षा थोड्या मोठ्या, खालच्या सुराच्या वाद्यांकडे असते. तीही थांबते आणि सिंफनी संपते. टाळ्यांना आमंत्रण देणारा समारोप नाही, ढोल नाहीत, ट्रम्पेट नाहीत.

इतक्या हळू आवाजात वाजवणं अंगमेहनतीचं काम आहे. जोरात वाजवताना गज तारेवर धरून ठेवतो, चूक झाकली जाते. अगदी हळू वाजवताना गज जेमतेम टेकलेला असतो आणि खांद्यातला थोडासा थरकापही आवाजात उतरतो. साठेक तंतुवादक एकाच वेळी तसं वाजवत असतात तेव्हा त्यांना एकमेकांचे श्वास ऐकावे लागतात. त्यासाठी सभागृह गप्प असावं लागतं.

आपल्याकडच्या गाण्याच्या मैफलीत दाद तिथल्या तिथे जाते. सम गाठली की ‘क्या बात है’ निघतं, गवई मान डोलावतो, पुढची तान थोडी वेगळी घेतो. सवाई गंधर्व महोत्सवाच्या मंडपात माणसं उठतात, बसतात, चहाला जातात, तरी गाणं चालू राहतं, रंगतंही. सिंफनीच्या मैफलीत दाद अडवून धरायची असते, आणि ती अडवून धरणं हेच श्रोत्याचं काम असतं. वादकांना ते जाणवतं. दोन हजार माणसं श्वास रोखून ऐकत आहेत की कंटाळून बसली आहेत, यातला फरक मंचावरून कळतो, असं वादक नेहमी सांगतात आणि मला ते पूर्ण पटतं.

हा रिवाज फार जुना नाही. मोझार्टने १७७८च्या जुलैत पॅरिसहून वडिलांना लिहिलेल्या पत्रात आपल्या सिंफनीच्या मध्येच टाळ्या पडल्याचं मोठ्या आनंदाने कळवलं आहे. शेवटचा भाग व्हायोलिनांच्या दोन गटांनी हळू सुरू केला तेव्हा लोकांनी एकमेकांना गप्प केलं, मग सगळा ऑर्केस्ट्रा एकदम जोरात वाजला आणि टाळ्या झाल्या, हेही त्यात आहे. त्याने हा परिणाम ठरवून साधला होता. सभागृहातली आजची शांतता घडत गेली ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्याच्या सुरुवातीला, आणि ती घडवणाऱ्यांमध्ये मालर स्वतः होते. व्हिएन्नाच्या दरबारी ऑपेराचे संचालक असताना उशिरा येणाऱ्यांना ते आत सोडत नसत, पैसे देऊन टाळ्या वाजवून घेण्याची पद्धत त्यांनी मोडून काढली. मुलांच्या मृत्यूवरच्या आपल्या पाच गीतांच्या स्वरलिपीत त्यांनी सूचना लिहून ठेवली आहे की ही पाचही गीतं एकसंध आहेत, मध्ये टाळ्यांनी वगैरे ती तोडू नयेत. त्याच गीतांमधल्या चौथ्या गीताची एक ओळ नवव्या सिंफनीच्या शेवटच्या पानावर पहिली व्हायोलिनं पुन्हा वाजवतात. पुढे जे घडलं ते या पानाच्या तोंडाशी घडलं, म्हणून हे सगळं आधी सांगावं लागलं.

प्रसंग

१० जानेवारी २०१२, मंगळवार. लिंकन सेंटरमधला एव्हरी फिशर हॉल, ज्याला आज डेव्हिड गेफन हॉल म्हणतात. शेवटच्या भागाची शेवटची काही मिनिटं उरली होती. पहिल्या रांगेत आयफोन वाजू लागला. लाकडी पट्ट्यांच्या मरिंबा या वाद्याच्या आवाजावर बेतलेली, त्या काळी सगळ्यांच्या कानावर बसलेली धून.

गिल्बर्ट आधी हात चालू ठेवून आवाजाच्या दिशेने वळले. धून चालूच राहिली. मग त्यांनी ऑर्केस्ट्रा थांबवला.

त्यांनी फोन बंद करायला सांगितलं. फोन वाजतच राहिला. आजूबाजूच्या लोकांनी हात करून दाखवलं की आवाज पहिल्या रांगेतल्या एका जोडप्याकडून येतोय. ते जोडपं गिल्बर्ट यांच्याकडे टक लावून बघत बसलं, जागचं हललं नाही. मागून आवाज यायला लागले: हजार डॉलर दंड करा, बाहेर काढा त्याला. आता संगीत थांबलेलं, त्यामुळे त्या मोठ्या सभागृहात मरिंबा एकटाच वाजत होता.

शेवटी त्या गृहस्थांनी खिशात हात घातला आणि आवाज थांबला. बंद झाला ना, पुन्हा वाजणार नाही ना, असं गिल्बर्ट यांनी विचारलं. त्या गृहस्थांनी होकारार्थी मान हलवली. मग गिल्बर्ट सभागृहाकडे वळले आणि थांबल्याबद्दल श्रोत्यांची माफी मागितली. असे अडथळे आले की सहसा दुर्लक्ष करणंच बरं, कारण त्यावर बोललं की मूळ अडथळ्यापेक्षा मोठा अडथळा होतो. पण हे इतकं होतं की चालू देता आलं नाही, अशा अर्थाचं ते बोलले. टाळ्यांचा मोठा गजर झाला. त्यानंतर थोडं मागे जाऊन, ऑर्केस्ट्रा भरात असतो अशा जागेपासून, त्यांनी पुन्हा सुरुवात केली आणि सिंफनी पूर्ण केली.

समोरचे पर्याय

कंडक्टरला विचार करायला अशा वेळी काही सेकंद मिळतात. उजव्या हाताने ठोका चालू, डाव्या हाताने आवाज दाबून ठेवायचा, आणि डोक्यात हा हिशेब.

पहिला पर्याय म्हणजे दुर्लक्ष. गिल्बर्ट यांनी स्वतः सांगितला तोच, आणि ऑर्केस्ट्राच्या जगात तोच रूढ आहे. त्यामागे अनुभव आहे: खोकला येतो आणि जातो, गोळीचा कागद वाजतो आणि थांबतो, फोन करणारा माणूस काही वेळाने कंटाळून ठेवतो. ब्रूनो वॉल्टर यांनी १६ जानेवारी १९३८ला व्हिएन्नात हीच नववी वाजवली. हिटलरचं सैन्य ऑस्ट्रियात शिरलं त्याच्या दोनेक महिने आधीची ही मैफल. तिच्या ध्वनिमुद्रणात श्रोत्यांचे खोकले स्पष्ट ऐकू येतात. कुणी थांबलं नाही, आणि ते ध्वनिमुद्रण आजही लोक जपून ऐकतात.

पण या नियमाला एक अट आहे: अडथळा आपोआप संपणारा असला पाहिजे. इथे वाजत होता तो कुणाचा कॉल नव्हता, अलार्म होता. अलार्मच्या दुसऱ्या टोकाला कंटाळणारा माणूस नसतो. मंचावरच्या कुणालाही हे ठाऊक असणं शक्य नव्हतं. तरी कॉल जितका वेळ वाजतो तितका वेळ उलटून गेला आणि आवाज थांबला नाही, एवढं कळत होतं. माझ्या मते दुर्लक्षाचा पर्याय तिथेच संपला.

दुसरं असं की संगीत कुठल्या दिशेने चाललं होतं ते पाहायला हवं. हाच फोन एखाद्या जोरकस संचलनात वाजला असता तर पितळी वाद्यांनी तो गिळला असता. इथे पुढची प्रत्येक ओळ आधीच्यापेक्षा हळू आवाजाची होत जाणार होती. न थांबणं म्हणजे शेवटचं पान त्या धुनेच्या हवाली करणं. ज्याला पुढची स्वरलिपी पाठ आहे त्याला हे आधी दिसतं; श्रोत्याला नंतर कळतं.

तिसरा पर्याय, मंच सोडून जाणं. काही कलाकारांनी रागाच्या भरात तसं केलेलं आहे. पण त्याने शिक्षा सगळ्यांना होते आणि दोषी माणूस गर्दीत तसाच राहतो. शिवाय ऐंशी मिनिटं वाजवून थकलेल्या वादकांना विंगेत नेऊन पुन्हा आणायचं, तर तंतुवाद्यं पुन्हा लावा, हात पुन्हा गरम करा. हे खरं तर सुटणं नव्हतंच.

चौथा पर्याय प्रसंग हसण्यावारी नेण्याचा. स्लोवाकियातल्या एका व्हायोलावादकाचा व्हिडिओ साधारण याच सुमाराला जगभर फिरत होता. एकल वादनात कुणाचा तरी नोकिया वाजला आणि त्याने तीच धून व्हायोलावर घेऊन खेळवली. लोक हसले, टाळ्या वाजल्या, छान झालं. एकट्याच्या मैफलीत ते शोभतं. मालरच्या नवव्याच्या शेवटाशी, शंभरेक वादक एका श्वासात बांधलेले असताना, ते शक्यही नव्हतं आणि योग्यही नव्हतं.

निर्णयाच्या जागा

थांबण्याच्या निर्णयाचीच चर्चा सगळीकडे झाली. जगभरच्या वर्तमानपत्रांनी ‘कंडक्टरने मैफल थांबवली’ हाच मथळा केला. मला त्यापेक्षा नंतरचे निर्णय अधिक शिकवणारे वाटतात.

पहिला, माफी कुणाची मागायची. गिल्बर्ट त्या गृहस्थांवर बरसले नाहीत. फोन बंद झाल्याची खात्री करून घेतली, आणि बाकीच्या सभागृहाची माफी मागितली, तीही स्वतःच्या थांबण्याबद्दल. त्या क्षणी सभागृह चिडलेलं होतं. चिडलेल्या लोकांना एक लक्ष्य हवं असतं आणि ते पहिल्या रांगेत बसलेलं होतं. कंडक्टरने एक टोमणा मारला असता तरी हशा पिकला असता, आणि त्या हशानंतर त्या सभागृहातून शेवटच्या पानासाठी लागणारी शांतता परत मिळवता आली नसती. माफीमुळे लोकांना टाळ्या वाजवायची जागा मिळाली. तुंबलेला राग टाळ्यांतून वाहून गेला. ऐकण्याच्या मैफलीत मधल्या टाळ्या निषिद्ध मानतात, पण त्या रात्री त्या टाळ्यांनीच मैफल वाचवली असं मी म्हणेन.

दुसरा निर्णय, पुन्हा कुठून सुरू करायचं. सगळ्यात मोलाचा हाच. जिथे थांबले तिथूनच, त्याच अतिहळू आवाजात सुरू करायचं म्हटलं तर दोन अडचणी होत्या. वादकांच्या हातात थांबल्यामुळे आलेला ताण आणि थरथर. अशा हाताने टेकवलेला गज पहिल्याच स्वराला घसरतो. आणि श्रोत्यांच्या कानात अजून मरिंबा. हळू आवाजात सुरुवात केली असती तर पहिलं मिनिटभर सगळे संगीत सोडून पहिल्या रांगेकडेच कान लावून बसले असते. संपूर्ण भाग पहिल्यापासून घ्यायचा तर पंचवीसेक मिनिटांचं ओझं थकलेल्या लोकांवर पुन्हा टाकायचं, आणि कळस गाठलेली भावना दुसऱ्यांदा रचायची. ती उसनी वाटली असती. गिल्बर्ट यांनी मधली वाट काढली. जिथे तंतुवाद्यं पूर्ण गजाने वाजतात, पितळी वाद्यं साथीला असतात, अशा जागेपासून धरलं. मोठ्या आवाजात हात मोकळे झाले, कान धुऊन निघाले, आणि मग तिथून उतरत उतरत त्याच शांततेकडे यायचं. मालरने लिहिलेली उतरणच त्यांनी दुरुस्तीसाठी वापरली. तालमीत स्वरलिपीतल्या ‘अमुक आकड्यापासून’ म्हणून सुरू करायची सवय प्रत्येक ऑर्केस्ट्राला असते. ती सवय इथे भर मैफलीत कामाला आली.

पहिल्या रांगेतल्या गृहस्थांची बाजू

दोन दिवसांनी न्यूयॉर्क टाइम्सने या गृहस्थांशी बोलून बातमी केली. नाव छापलं नाही. त्यांना ‘पेट्रन एक्स’ एवढंच म्हटलं. साठी उलटलेले, कंपनी चालवणारे, आणि वीस वर्षं या ऑर्केस्ट्राचे वर्गणीदार श्रोते. भलत्या वेळी वाजणाऱ्या टाळ्या, खोकले यांचा ज्यांना स्वतःलाच त्रास होतो, त्यांतले.

त्यांच्या कंपनीने आदल्याच दिवशी त्यांचा जुना ब्लॅकबेरी काढून आयफोन दिला होता. मैफल सुरू होण्याआधी त्यांनी तो आठवणीने सायलेंटवर टाकला. त्यात अलार्म चुकून लागलेला आहे, फोन सायलेंटवर असला तरी अलार्म वाजतो, हे त्यांना माहीत नव्हतं. आणि हा फोन त्यांच्याकडे एकच दिवस होता, म्हणजे तो कसा वाजतो हे त्यांनी धड ऐकलंही नसणार. म्हणून मरिंबा सुरू झाला तेव्हा तो आपला आहे असं त्यांच्या मनातही आलं नाही. आपण फोन बंद केलाय, तर वाजतोय तो दुसऱ्या कुणाचा तरी. कंडक्टर आपल्याकडे रोखून बघतोय, शेजारचे सगळे आपापले फोन चाचपतायत, म्हणून खात्री करायला त्यांनीही खिशातला फोन काढून बटणं दाबली. त्यात आवाज थांबला. तो आपल्याच फोनचा होता हे पक्कं कळलं ते गाडीतून घरी जाताना, पत्नीने सेटिंग उघडून पाहिलं तेव्हा.

मंचावरून निगरगट्टपणा दिसत होता. खुर्चीत बसलेला माणूस निरपराध असल्याच्या खात्रीने बसला होता. हे दोन्ही एकाच वेळी खरं होतं, आणि ज्यांनी बाहेर काढा म्हणून आवाज दिले त्यांना दुसरी बाजू दिसणं शक्य नव्हतं. कुठल्याही सभागृहात कुणावर ओरडण्याआधी मला हा प्रसंग आठवतो.

परिणाम

जागेच्या क्रमांकावरून वर्गणीदार कोण हे ऑर्केस्ट्राच्या कार्यालयाला कळलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या गृहस्थांना फोन केला आणि पुन्हा असं होऊ देऊ नका, असं सभ्यपणे सांगितलं. वर्गणी काढून घेतली नाही, नाव बाहेर दिलं नाही. गृहस्थांनी गिल्बर्ट यांच्याशी बोलायची इच्छा दाखवली, फोनवर माफी मागितली, गिल्बर्ट यांनी ती स्वीकारली आणि तुम्हाला या सगळ्यातून जावं लागलं याचं वाईट वाटतं असं त्यांना सांगितलं. गृहस्थांनी वर्तमानपत्रातून श्रोत्यांची आणि वादकांचीही माफी मागितली. झोप उडाली होती त्यांची.

हजार डॉलरच्या दंडाबद्दल एक गोष्ट. न्यूयॉर्क शहरात २००३पासून असा कायदा आहेच. सार्वजनिक कार्यक्रमात फोन वाजला तर पन्नास डॉलरपर्यंत दंड. महापौरांचा विरोध डावलून नगर परिषदेने तो केला होता. या प्रकरणात त्याने काहीही साधलं नसतं. दंडाची भीती निष्काळजी माणसाला वळण लावते. या माणसाने काळजी घेतली होती, फक्त ती अपुरी पडली.

काय वेगळं करता आलं असतं

सगळ्यात आधी, फोन कसा थांबला ते पुन्हा पाहू. गिल्बर्ट यांच्या नुसत्या रोखून बघण्याने नाही, आरोळ्यांनी नाही, बोट दाखवण्यानेही नाही. आजूबाजूचे आपापले फोन तपासत होते म्हणून त्या गृहस्थांनी आपला तपासला आणि तो थांबला. मग कंडक्टरने पहिलंच वाक्य असं म्हटलं असतं तर: ‘कृपा करून सगळ्यांनी आपापला फोन बाहेर काढून पाहा.’ कुणावर आरोप नाही, कुणाला कबुली द्यायची गरज नाही. एका माणसाकडे रोखून ‘बंद करा’ म्हटलं की त्याला आधी आपण दोषी आहोत हे मान्य करावं लागतं, आणि ज्याला खरंच ठाऊक नाही तो ते मान्य करूच शकत नाही. माझ्या अंदाजाने बराच वेळ वाचला असता आणि आरोळ्यांची वेळही कदाचित आली नसती. गिल्बर्ट यांना हे सुचायला हवं होतं, असं मी म्हणत नाही. त्यांच्या हाती सेकंद होते आणि आपल्या हाती आता निवांतपणा आहे.

शेजाऱ्यांचंही तसंच. त्यांनी मंचाकडे बघून बोट दाखवलं. त्याऐवजी खांद्याला हात लावून ‘तुमचाच वाजतोय बहुतेक’ असं कुणी कानात सांगितलं असतं तर? सिंफनीच्या मैफलीत शेजाऱ्याशी बोलणं हाच मोठा गुन्हा मानतात. तीच शिस्त या वेळी आड आली असणार.

सभागृहाच्या कर्मचाऱ्यांचा प्रश्न अवघड आहे. पहिल्या रांगेपर्यंत डोअरकीपर चालत येणार, तर त्याच्या बुटांचा आवाज आणि दाराची उघडझाप हीसुद्धा त्या शांततेत मोठीच. म्हणून बहुतेक ठिकाणी कर्मचारी दाराशीच थांबतात. एकदा कंडक्टर थांबला की मात्र ही अडचण राहत नाही. तेव्हा एखाद्या कर्मचाऱ्याने लगेच त्या रांगेपाशी जायचं, खाली वाकून हळू बोलायचं, हे आधी ठरलेलं असावं. मंचावरचा माणूस आणि प्रेक्षकांतला माणूस यांच्यात हजारो लोकांसमोर संवाद घडवणं हा शेवटचा उपाय ठेवावा.

आपल्याकडच्या नाट्यगृहांनाही हे लागू आहे. २०१९ मध्ये नाशिकला सुमीत राघवन यांनी सतत वाजणाऱ्या फोनमुळे प्रयोग थांबवला होता, आणि त्याच वर्षी सुबोध भावे यांनी हे असंच चालणार असेल तर नाटकात काम करणं सोडायचा विचार जाहीरपणे बोलून दाखवला. दोघांचाही संताप समजतो. नटाला संवाद मागून उचलता येतो, पण प्रेक्षक जिथून उठवला गेला तिथे त्याला परत नेणं नटालाही तितकंच जड जातं.

प्रयोगाआधीच्या घोषणेत आपण ‘मोबाइल बंद किंवा सायलेंटवर ठेवावेत’ म्हणतो. त्यातला ‘किंवा सायलेंटवर’ काढून टाकावा. एव्हरी फिशर हॉलमधला तो फोन सायलेंटवरच होता. घोषणेत अलार्मचा उल्लेख नावानिशी असावा, आणि घोषणा झाल्यावर लगेच अंधार न करता अर्धा मिनिट दिवे तसेच ठेवावेत. नवा फोन हाती आलेल्या माणसाला ते बटण सापडायला तेवढा वेळ लागतो.